जुनी वृत्तपत्रे : वऱ्हाडच्या इतिहासाचा दुर्लक्षित ठेवा

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सकाळी हाती आलेला अंक सायंकाळी शिळा होतो, महिनाअखेरीस गठ्ठ्यात जातो आणि काही दिवसांनी रद्दीच्या तराजूत पडतो. परंतु पन्नास-पाऊणशे वर्षे लोटल्यानंतर हाच अंक, जर कोठे टिकून राहिला असेल, तर तो इतिहासाचे एक विश्वसनीय साधन ठरतो. एखादी घटना घडली त्या दिवशी लोकांना ती कशी समजली, कापसाला त्या आठवड्यात काय भाव होता, कोणत्या गावी विहिरी आटल्या होत्या, कोणत्या सभेस किती लोक जमले, या गोष्टी ग्रंथांत सहसा सापडत नाहीत. त्या वृत्तपत्राच्या जुन्या पानांवरच सापडतात. या दृष्टीने जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह हा केवळ हौशी मंडळींचा छंद राहत नाही. ग्रामीण भागातील शिक्षक, ग्रंथपाल, पंचायतीचे सदस्य आणि शासकीय अधिकारी यांनीही त्याकडे लक्ष द्यावे, असे ते एक सार्वजनिक कार्य आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या परतवाडा-अचलपूर या जोडशहरांच्या परिसराचा विचार केल्यास या कार्याचे महत्त्व विशेष जाणवते. अचलपूर ही एके काळची वऱ्हाडची राजधानी. परतवाडा हे हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या छावणीमुळे वाढलेले आणि पुढे लाकडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्धीस आलेले गाव. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ च्या करारान्वये सालिना २५ लाख रुपये खंडाने ते त्यांच्याकडे कायमचे राहिले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले. १९०५ मध्ये एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा मोडून अमरावती जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला. ज्या गावाचे जिल्ह्याचे ठाणे गेले, त्या गावातील लोकांना त्याविषयी काय वाटले, व्यापारावर काय परिणाम झाला, हे जाणून घ्यावयाचे असेल तर सरकारी अहवाल पुरेसे पडत नाहीत. त्यासाठी त्या काळच्या स्थानिक पत्रांकडेच वळावे लागते.

मराठी पत्रांची परंपरा

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’ या पत्राने झाला. एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी असे त्याचे स्वरूप होते. हे पत्र १८४० मध्ये बंद पडले. १८४१ मध्ये भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ काढले आणि लोकहितवादींची शतपत्रे याच पत्रातून प्रसिद्ध झाली. १८४९ मध्ये पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ निघाले, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांचे ‘दीनबंधु’ आणि ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘मूकनायक’ने आजवर मूक राहिलेल्या समाजाला स्वतःचे व्यासपीठ मिळवून दिले.

वऱ्हाडही या बाबतीत मागे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ आणि अमरावतीहून ‘प्रमोदसिंधु’ ही पत्रे निघत. पुढील काळात अमरावतीचे ‘उदय’, डॉ. पंजाबराव देशमुख यांचे ‘महाराष्ट्र केसरी’ आणि ब्रिजलाल बियाणी यांनी अकोल्यात सुरू केलेले ‘मातृभूमि’ यांनी या भागातील लोकमताला आकार दिला. यांखेरीज तालुक्याच्या गावी काही महिने किंवा काही वर्षे चालून बंद पडलेली साप्ताहिके असत, ती निराळीच.

मोठ्या शहरांतील नामांकित पत्रांच्या फायली संपादकीय कार्यालये, ग्रंथसंग्रहालये व अभिलेखागारे यांनी बऱ्याच अंशी जपून ठेवल्या आहेत. ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक तर महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. परंतु लहान गावच्या पत्रांना असे भाग्य क्वचितच लाभले. त्यांचा खप थोडा, छापखाना लहान आणि चालक बहुधा एकच व्यक्ती. ती व्यक्ती गेली की छापखाना विकला जाई आणि फायली रद्दीत जात.

कायद्याचे संरक्षण व त्याची मर्यादा

१८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील पत्रावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. हा अधिनियम दीडशे वर्षांहून अधिक काळ लागू राहिला. २०२३ च्या नव्या अधिनियमाने १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेतली. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणारी मुद्रक-प्रकाशकाची ओळ ही या कायद्याचीच देणगी होय. मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाची ओळख पटविण्यास संग्राहकाला तिचा मोठा उपयोग होतो.

तथापि छापणे वेगळे आणि जतन करणे वेगळे. राष्ट्रीय महत्त्वाच्या ग्रंथालयांना प्रकाशकांनी ग्रंथांच्या प्रती पाठवाव्यात, असा अधिनियम १९५४ मध्ये संमत झाला आणि १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रांचा समावेश करण्यात आला. म्हणजे तत्पूर्वीच्या स्थानिक पत्रांना या तरतुदीचा लाभ मिळाला नाही.

इंग्रजी अमदानीत देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारसाठी तयार केले जात आणि ते अभिलेखागारांत आजही पाहावयास मिळतात. मूळ पत्र नष्ट झाले असता हे सारांश उपयोगी पडतात. मात्र सरकारला आपल्यावरील टीकेची काळजी होती, बाजारभावाची नव्हे. त्यामुळे सारांशात राजकारण टिकले, पण गावाचे दैनंदिन जीवन गळून पडले.

एकटा अंक आणि संपूर्ण फाइल

जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह करणाऱ्यांचे लक्ष प्रथम गाजलेल्या बातमीच्या अंकाकडे जाते. स्वातंत्र्यप्राप्तीचा अंक, महात्मा गांधींच्या हत्येचा अंक, १ मे १९६० चा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा अंक अनेक घरांत आठवण म्हणून जपलेले आढळतात. ते जपलेच पाहिजेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने एकट्या अंकापेक्षा सलग फायलीचे मोल कितीतरी अधिक असते.

१९५६ सालच्या अखेरीचे उदाहरण घेऊ. १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना अमलात येऊन विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघाले व द्विभाषिक मुंबई राज्यात आले. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २० डिसेंबर रोजी संत गाडगेबाबांनी अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव ही गाडगेबाबांची जन्मभूमी आणि वलगाव तर परतवाडा-अमरावती मार्गावरील गाव. दहा आठवड्यांच्या आत वऱ्हाडातील सामान्य माणसाच्या जीवनावर इतके आघात व इतकी स्थित्यंतरे झाली. या चार तारखांचे चार अंक कोणी वेगवेगळे जमविले, तर चार मोठ्या बातम्या हाती येतात. मात्र एखाद्या स्थानिक पत्राची या दहा आठवड्यांची अखंड फाइल मिळाली, तर दीक्षेनंतर गावोगाव काय घडले, नव्या राज्यात जाताना कोणती आशा व कोणती शंका व्यक्त झाली, शोकसभा कोठे कोठे भरल्या आणि या सर्वांच्या बाजूला कापसाच्या हंगामाची स्थिती काय होती, हे सर्व एकत्र दिसते. इतिहास घडतो तो असा, अनेक गोष्टी एकाच वेळी घडत असताना.

दुसरे उदाहरण १८९७ सालचे. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत व त्यासोबतची कविता यांच्या आधारे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला आणि १४ सप्टेंबर रोजी त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. दादासाहेब खापर्डे हे त्याचे स्वागताध्यक्ष होते. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. पुण्याची ही घटना व अमरावतीचे हे अधिवेशन यांतील धागा त्या सहा महिन्यांच्या वृत्तपत्रांतून सलग वाचल्याशिवाय नीट उलगडत नाही.

याच कारणाने बातमीचे कात्रण कापून चिकटवहीत लावण्याची सवय संग्राहकाने सोडून द्यावी. कात्रणावर तारीख नसते, पत्राचे नाव नसते आणि मागील बाजूस काय छापले होते ते डिंकाखाली कायमचे झाकले जाते. १९२७ मधील अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीची बातमी तेवढी कापून घेतली, तर शेजारच्या स्तंभात त्या चळवळीला विरोध करणारे वाचकांचे पत्र होते की पाठिंबा देणारे, हे पुढच्या अभ्यासकाला कधीच कळणार नाही.

अस्सल अंक कसा ओळखावा

जुन्या अंकांना मागणी वाढल्यापासून प्रतिकृतीही मोठ्या प्रमाणात आढळतात. बहुतेक प्रतिकृती फसवणुकीच्या हेतूने काढलेल्या नसतात. वर्धापनदिन किंवा सुवर्णमहोत्सव या निमित्ताने वृत्तपत्रे स्वतःच आपला गाजलेला अंक पुन्हा छापून वाचकांना भेट देतात. काही वर्षांनी ती प्रत मूळ अंक म्हणून सांगितली जाते. अमेरिकेत लिंकन यांच्या हत्येची बातमी देणाऱ्या १५ एप्रिल १८६५ च्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या अशा असंख्य प्रतिकृती घरोघर सापडतात.

परीक्षा करण्याचे काही सोपे मार्ग आहेत. पहिला म्हणजे वार व तारीख यांचा मेळ. ‘केसरी’ सुरुवातीच्या काळात दर मंगळवारी निघे. ४ जानेवारी १८८१, १५ जून १८९७ आणि ज्यातील अग्रलेखामुळे टिळकांवर दुसरा खटला झाला तो १२ मे १९०८ हे तिन्ही दिवस मंगळवारच होते. शताब्दी पंचांग हाताशी असल्यास ही तपासणी कोणत्याही शिक्षकास करता येते. दुसरा मार्ग छपाईचा. खिळे जुळवून केलेल्या छपाईत अक्षरांचा दाब कागदाच्या मागील बाजूस बोटाला जाणवतो, तर ऑफसेट पद्धतीने काढलेल्या प्रतिकृतीचा कागद दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लागतो. तिसरा मार्ग कागदाचा. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ कागद चिंध्यांपासून केलेला असल्याने तो आजही लवचीक आढळतो. त्यानंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र पिवळा पडून ठिसूळ होतो. १८६० च्या सालचा म्हणून सांगितलेला अंक जर चुरा होण्याइतका ठिसूळ असेल, तर संशयाला जागा आहे.

स्थलनामांची जुनी रूपेही ध्यानात ठेवावीत. जुन्या पत्रांतून अचलपूरसाठी ‘एलिचपूर’ आणि अमरावतीसाठी ‘उमरावती’ अशी रूपे सर्रास आढळतात. शोध घेताना ती माहीत नसतील तर समोर असलेली बातमीही नजरेतून निसटते.

कागद का नष्ट होतो

अलीकडचा अंक आधी जीर्ण होतो आणि त्याहून जुना अंक टिकून राहतो, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. तिचे कारण कागदाच्या घडणीत आहे. वृत्तपत्राचा कागद स्वस्त पडावा म्हणून लाकूड दळून त्याचा लगदा करतात. लाकडातील लिग्निन हे द्रव्य त्यात राहून जाते. प्रकाश व हवा यांच्या संपर्काने ते पिवळे पडते. त्यातून व कागदाला दिलेल्या तुरटीच्या खळीतून आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल कागदाचे तंतू आतून तोडीत जाते. मेळघाटाच्या पलीकडे, सध्याच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर येथे भारतातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना १९५० च्या दशकात उत्पादन करू लागला. सातपुड्याच्या जंगलातील सालई व बांबू हा त्याचा कच्चा माल होता. ज्या डोंगराचे लाकूड त्या काळच्या वृत्तपत्रांत गेले, त्याच डोंगराच्या पायथ्याच्या घरांत ती वृत्तपत्रे आज पिवळी पडत आहेत.

परतवाड्यासारख्या ठिकाणी या नैसर्गिक झिजेत हवामानाची भर पडते. वैशाखातील कोरडी उष्णता कागदाला ठिसूळ करते आणि पावसाळ्यातील दमट हवा बुरशीला आमंत्रण देते. कसर, वाळवी, झुरळे व उंदीर आपापला वाटा घेतातच.

जतनाचे साधे उपाय

मोठ्या अभिलेखागारांतील वातानुकूलित कोठारे गावात उभारता येणार नाहीत. परंतु पुढील साधी काळजी घेतल्यास कागदाचे आयुष्य पुष्कळ वाढते.

अंक शक्यतो उलगडून, आडवे व सपाट ठेवावेत. घडीच्या रेषेवर कागद प्रथम तुटतो, म्हणून ठिसूळ अंकाची घडी बळाने उघडू नये. टाचण्या व लोखंडी तारा गंजतात, त्या हलक्या हाताने काढून टाकाव्यात. चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरेच खाऊन टाकतो. प्लॅस्टिकमध्ये गरम दाबाने अंक कायमचा बंद करणे तर सर्वांत घातक, कारण त्यातून तो पुन्हा सुखरूप बाहेर काढता येत नाही. गठ्ठे धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात बांधावेत. दप्तरखान्यांतून कागद रुमालात बांधून ठेवण्याची जी जुनी पद्धत होती, ती धूळ व प्रकाश दोहोंपासून रक्षण करणारी होती. गठ्ठे भिंतीला टेकवू नयेत व जमिनीवर ठेवू नयेत. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्यास त्या कागदाला लागू देऊ नयेत. भिजलेला अंक उन्हात वाळविण्याऐवजी सावलीत, टीपकागदावर, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात वाळवावा.

प्रत्येक अंकाची नोंद वहीत करणे हा संग्रहाचा प्राण होय. पत्राचे नाव, तारीख, वर्ष व अंक क्रमांक, मुद्रक व ठिकाण, एकूण पाने, गहाळ पाने आणि अंक कोणाकडून मिळाला, इतकी माहिती तरी असावी. अंकावर शाईने किंवा शिक्क्याने खूण करू नये. करणे भागच असेल तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात करावी.

आज भ्रमणध्वनीवरील कॅमेऱ्याने पानांची छायाचित्रे घेणे सर्वांच्या आवाक्यात आले आहे. पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, पत्राचे नाव व तारीख दिसेल अशा रीतीने क्रमाने सर्व पाने टिपावीत. जाहिराती व नोटिसांची पाने वगळू नयेत. मात्र छायाचित्र झाले म्हणून मूळ अंक टाकून देऊ नये. अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी सूक्ष्मपट तयार झाल्यावर मूळ फायली काढून टाकल्या. पुढे त्या सूक्ष्मपटांतील काही पाने गहाळ व काही न वाचता येण्याजोगी असल्याचे दिसून आले. निकल्सन बेकर या लेखकाने १९९९ मध्ये स्वतःच्या पैशाने अशा फायली विकत घेऊन वाचविल्या आणि त्या पुढे ड्यूक विद्यापीठाकडे गेल्या. प्रत ही मूळची साथीदार आहे, वारस नव्हे.

गावपातळीवर काय करता येईल

जुनी वृत्तपत्रे गावात कोठे असतात? निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर, वकिलांच्या जुन्या दप्तरात, अडतीच्या दुकानातील हिशेबाच्या वह्यांसोबत, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली, तसबिरींच्या मागे लावलेली आणि पोथ्यांना घातलेल्या वेष्टनात. घराचे नूतनीकरण, वाटणी किंवा स्थलांतर होते तेव्हाच ती बाहेर येतात व तेव्हाच बहुधा नष्ट होतात.

शाळांना या कामी पुढाकार घेता येईल. इतिहासाच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील जुन्या अंकांची केवळ यादी करवून घेतली, तरी एका सत्रात गावाचा ठेवा कळून येईल. मालकास मूळ अंक द्यावयाचा नसेल तर आग्रह धरू नये. पोचपावती देऊन तो काही दिवसांसाठी घ्यावा, छायाचित्रे काढावीत व परत करावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली ग्रंथालये गावोगाव आहेत. तेथील जुनी वृत्तपत्रे रद्दीत काढण्यापूर्वी एखाद्या जाणकार शिक्षकाने ती पाहावीत, असा साधा ठराव व्यवस्थापक मंडळाला करता येण्यासारखा आहे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयासही हाच नियम लावता येईल.

ज्या संग्रहाची देखभाल गावात होणे शक्य नाही, तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाकडे विचारणा करून सुपूर्द करणे हिताचे ठरेल. देताना फाइल फोडू नये. गाजलेले अंक घरी ठेवून उरलेले देणे म्हणजे ग्रंथाची चित्रे काढून घेऊन पाने दान करण्यासारखे आहे.

वऱ्हाडचे इतिहासकार या. मा. काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ सिद्ध केला आणि यवतमाळच्या शारदाश्रमाने जुन्या हस्तलिखितांचा संग्रह केला. त्या पिढीने पोथ्या व सनदा वाचविल्या, कारण त्या काळी नष्ट होऊ पाहणारे साधन ते होते. आज ती पाळी वृत्तपत्रांची आहे. पोथी भक्तिभावाने जपली जाई. वृत्तपत्राला असा भक्त मिळत नाही, कारण ते सर्वत्र आहे असेच सर्वांना वाटते. परंतु १९३० च्या वऱ्हाडातील एखाद्या लहानशा साप्ताहिकाची अखेरची प्रत एखाद्या माळ्यावर पडून असेल, तर ती तेथे आहे हे घरच्यांखेरीज कोणालाही ठाऊक नसते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी तो माळा एकदा झाडून पाहिला, तर जे सापडेल ते पुन्हा छापता न येणारे असेल.